हजाराव्या पक्ष्याची खोडाखोड

टूर लीडर म्हणजे पगारी सुट्टीवर असलेली बाई, असा आमच्या ओळखीतल्या बहुतेकांचा पक्का समज आहे. फेब्रुवारीत इकडे कॅनडात, मिसिसागातली मंडळी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून कंबर धरून बसलेली असायची आणि त्याच वेळी मी इक्वेडोरच्या डोंगरात पक्षी दाखवत हिंडत असायचे, तेव्हा त्यांना तसं वाटणं साहजिक होतं. मीही तो समज दूर करायला कधी गेले नाही. आपला हेवा करणारी चार माणसं असली की बरं वाटतं. आता निवृत्त झाले आहे, तेव्हा खरं काय ते सांगून टाकायला हरकत नाही.

मी मुळात तिकीट काउंटरवरची बाई. नागपूरहून लग्न होऊन इकडे आले आणि एअरपोर्टजवळच्या एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात लोकांची भारताची तिकिटं काढून देण्यात माझी चौदा वर्षं गेली. पक्ष्यांशी संबंध आला तो बसस्टॉपवर. आमच्या स्टॉपमागे पावसाच्या पाण्याचं एक तळं होतं आणि दर मे महिन्यात तिथला एक काळा, लाल खांद्यांचा पक्षी बसची वाट बघणाऱ्यांच्या डोक्यावर झडप घालायचा. बाकीचे लोक सिटीकडे तक्रारी करायचे. मी छत्री उघडून त्याच्याकडे बघत राहायचे. घरट्यापायी एवढासा जीव भल्यामोठ्या बसलाही भीत नाही, ह्याचं मला भारी कौतुक वाटलं. लायब्ररीतून पुस्तक आणलं, मग दुर्बीण आली, मग रविवारी पहाटे निसर्गप्रेमी मंडळींबरोबर चिखल तुडवणं आलं. घरच्यांनी हात टेकले.

आमच्या मालकीणबाई पंजाबी, व्यवहाराला चोख. एक दिवस म्हणाल्या, "वसुधा, सारा दिन बर्ड्स बर्ड्स करती हो, तो एक ग्रुप ही ले जाओ ना." मला वाटलं चेष्टा करताहेत. त्यांनी तोवर ब्रोशर छापायलासुद्धा दिलं होतं. पुढची नऊ वर्षं, दर फेब्रुवारीत, मी दहा-दहा माणसं घेऊन दोन विमानं बदलत इक्वेडोरच्या जंगलातल्या एका लॉजवर जात राहिले.

तो लॉज अँडीज पर्वताच्या पश्चिम उतारावर आहे, क्विटो शहरापासून अडीच तासांवर. त्या जंगलाला ढगांचं जंगल म्हणतात ते उगीच नाही. तिथे पाऊस पडायची गरजच नसते, ढगच झाडांमधून चालत जातो आणि जाताना सगळं भिजवून जातो. फांद्यांवर शेवाळाचे इतके थर की मूळ फांदी केवढी हे सांगता यायचं नाही. दुपारी तीनच्या सुमारास ढग जेवणघराच्या एका दारातून आत यायचा आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पुसट व्हायचा. मोजे धुऊन वाळत घातले तर परत निघेपर्यंत ओलेच. पहिल्याच संध्याकाळी मी सगळ्यांना सांगून ठेवायचे की इथे कोरडं काही मिळणार नाही, त्याचा नाद सोडा. आणि अशा ह्या ओल्या काळोख्या हिरव्यात एकदम निळं, पिवळं, लालभडक असं काहीतरी उडून जातं, की माणूस बोलायचा थांबतो.

तिथला गाइड विल्सन. नाव ऐकून तो टोरोंटोच्या बँकेत असेल असं वाटतं, पण तो त्याच डोंगरातला, पन्नाशीच्या आतबाहेरचा, बुटका आणि शांत. त्याचे वडील त्या जंगलातली झाडं तोडून विकायचे. तरुणपणी त्याच्याही हातात करवत होती. मग कुणीतरी त्याच्या उतारावर पक्षी बघायला येऊ लागलं, आणि उभ्या झाडाचं मोल पडलेल्या झाडापेक्षा जास्त आहे हे त्याच्या ध्यानात आलं. मी आयुष्यात बरीच हुशार माणसं पाहिली, त्यांतल्या काहींना स्वतःच्या हुशारीची फार काळजी असते. विल्सनला ती अजिबात नव्हती. पायवाटेवर चालता चालता तो थांबायचा, मान किंचित वाकडी करायचा, आणि तीस फुटांवरच्या पानांआड कोण बसलंय ते सांगायचा. मी नऊ वर्षांत त्याला चुकलेलं बहुधा दोनदा पाहिलं, आणि त्यातल्या एकदा चूक माझीच निघाली.

आता धंद्याचं सांगते. पक्षी शोधायचं काम विल्सनचं. तो दहाच्या दहा जणांना दाखवायचं काम माझं. ऐकायला सोपं वाटतं, पण पक्षी काही मीटिंगला आलेला नसतो. "तो बघा, तिकडे" म्हणून चालत नाही, कारण तिकडे हजारभर पानं असतात. म्हणून आम्ही झाडाचं घड्याळ करायचो: "शेंड्याला बारा धरा, दोनच्या काट्यावर या, तिथून हातभर आत." पक्षी जरा स्थिर बसला तर तिपाईवरचा टेलिस्कोप त्याच्यावर लावायचा आणि रांग करायची. रांगेचा नियम कडक. पहिल्या फेरीत प्रत्येकाला दोन सेकंद. डोळा लावा, बघा, बाजूला व्हा. दहाही जणांचं झालं की मग दुसऱ्या फेरीत निवांत बघा. हा नियम मोडणारी माणसं कोण ते मला विमानतळावरच कळायचं.

आणि रोज जेवणाआधी हजेरी. पक्ष्यांची. मी छापील यादी घेऊन बसायचे, एकेक नाव वाचायचे, आणि ज्यांना दिसला ते "दिसला" म्हणायचे. मी खूण करायचे. ह्या छंदातल्या माणसांची आयुष्यभराची एक यादी असते, पहिल्यांदा पाहिलेला प्रत्येक नवा पक्षी तिच्यात चढतो. त्या यादीला ना कुणी साक्षीदार, ना कुणी तपासनीस. माणसाने म्हणायचं दिसला, की दिसला. सगळा कारभार शब्दावर. मला ह्या गोष्टीचा फार अभिमान वाटायचा.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. मिसिसागाच्याच लिमयेकाकू एका वर्षी आल्या त्या केवळ त्यांच्या यजमानांनी दुसरा पर्याय म्हणून स्नोशूइंग, म्हणजे बर्फातली पायपीट, सुचवलं होतं म्हणून. त्यांनी बरोबर मेतकूट आणलं होतं. तिसऱ्या दिवशी लॉजची स्वयंपाकीण ते सूपवर भुरभुरवून बघत होती आणि निघायच्या दिवशी उरलेली बरणी तिनेच ठेवून घेतली. त्याच वर्षी आलेला किचनर गावचा रोहन, सॉफ्टवेअरमधला, मूळ पुण्याचा. त्याने सगळ्यांच्या याद्या एका स्प्रेडशीटमध्ये घातल्या होत्या आणि कोण कितीवर आहे ते तो न विचारता सांगायचा. कॅमेरा एवढा मोठा की तो घेऊन येतोय की कॅमेरा त्याला घेऊन येतोय ते समजू नये.

त्याच ग्रुपमध्ये ओटावाचे डॉक्टर मुजुमदार होते. मला सांगायची आहे ती गोष्ट त्यांची, आणि थोडी माझ्या लाजेची. साल दोन हजार सोळा असावं.

डॉक्टर पंचाहत्तरीचे. चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम करून निवृत्त झालेले, एकटे राहायचे, मुलगी जवळच. फोनवरच त्यांनी मला सांगितलं होतं, "वसुधाबाई, माझी यादी आठशे चौऱ्याऐंशीवर आहे. मला हजार करायचे आहेत, आणि ह्याच ट्रिपमध्ये. पुढच्या वर्षी नको." मी म्हटलं, तुमचा पहिलाच अँडीज आहे, सव्वाशे नवे सहज होतील. पुढच्या वर्षी का नको, हे मी विचारलं नाही. त्यांच्या मेडिकल फॉर्मवर 'विशेष काही नाही' असं लिहिलेलं होतं. डॉक्टरनेच भरलेला फॉर्म, तो मी काय तपासणार?

ट्रिपवर आल्यावर हे गृहस्थ म्हणजे माझं आवडतं गिऱ्हाईक झाले. रांगेत आले, डोळा लावला, "वा, काय रंग आहे" म्हणाले, आणि दोन सेकंदांच्या आत बाजूला. कधी कुरकुर नाही. उलट मागच्याला म्हणायचे, "या, या, तुम्ही बघा, माझं झालं." मी बाकीच्यांना त्यांचं उदाहरण द्यायचे. लिमयेकाकूंना तर मी स्पष्टच म्हटलं, "डॉक्टरांकडून शिका जरा." त्यांचं अक्षर वाईट आहे असं म्हणून ते रोजची नवी नावं आपल्या जाड वहीत रोहनकडून लिहून घ्यायचे. त्याचंही मला काही वाटलं नाही, डॉक्टरांची अक्षरं आपल्याला ठाऊकच असतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी विल्सनने डोंगरी टूकन शोधला. करड्या-निळ्या अंगाचा, चोचीवर पिवळी पट्टी असलेला, बघताक्षणी हसू यावं असा पक्षी. टेलिस्कोप लावला, रांग झाली. डॉक्टर शेवटचे. "वा," ते म्हणाले, "काय डौल आहे." आणि बाजूला झाले. त्यांच्यानंतर मी सहज वाकून पाहिलं. टेलिस्कोपात शेवाळ होतं. शेवाळाचा एक लोंबता गुच्छ आणि त्यामागे ढग. मी विल्सनकडे पाहिलं. त्याने दोन बोटांनी पंख हलवून दाखवले, पक्षी कधीच उडाला होता, डॉक्टरांच्या आधीच्या माणसाच्या वेळेलाच.

आता ह्या क्षणी चांगल्या लीडरने काय करायचं ते मला ठाऊक आहे. बाजूला घेऊन विचारायचं. मी विचारलं नाही. संध्याकाळी हजेरीत मी टूकनचं नाव वाचलं, डॉक्टर म्हणाले, "दिसला," आणि मी खूण केली. मी स्वतःची समजूत घातली की आधी कधीतरी ओझरता दिसला असेल. खरं कारण एवढंच की रोहनने स्वयंपाकघरात सांगून ठेवलं होतं, डॉक्टरकाकांचे हजार झाले की केक करायचा. सगळा ग्रुप त्या आकड्याच्या मागे लागला होता. मालकीणबाईंना ब्रोशरसाठी फोटो हवा होता. आणि मलाही मिरवायचं होतं की माझ्या ट्रिपमध्ये एकाचे हजार झाले. त्यानंतर मी मुद्दाम लक्ष ठेवलं आणि मला जे दिसायचं ते दिसत गेलं. पक्षी डावीकडे असायचा, डॉक्टर उजवीकडे बघून "सुंदर" म्हणायचे. मी खुणा करत राहिले.

पाचव्या संध्याकाळी हजार झाले. हजारावा म्हणून एक पिवळ्या पोटाचा टॅनेजर निघाला. रोहनने टाळ्या सुरू केल्या, स्वयंपाकीण केक घेऊन आली, त्यावर साखरेने 'मिल' म्हणजे स्पॅनिशमध्ये हजार असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी केक कापला. सुरी केकच्या कडेला टेकली तेव्हा लिमयेकाकूंनी हलकेच त्यांचं मनगट मध्ये सरकवलं. सगळ्यांनी फोटो काढले. डॉक्टर हसले, आभाराचे दोन शब्द बोलले, आणि केकचा त्यांचा तुकडा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी व्हरांड्यात हमिंगबर्डच्या बाटल्यांमध्ये साखरपाणी भरत होते. डॉक्टर काठी टेकत आले. हातात ती जाड वही.

"वसुधाबाई, एक काम आहे. मला खोडायला मदत करा."

"काय खोडायचंय?"

"जे दिसले नाहीत ते. मला ओळी दिसत नाहीत, नाहीतर मीच खोडले असते."

मी बाटली खाली ठेवली. त्यांनी शांतपणे सांगितलं, एखाद्या पेशंटची केस सांगावी तसं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. दर काही आठवड्यांनी इंजेक्शनं चालू आहेत, पण गेलेलं परत येत नाही. ज्याच्याकडे थेट बघावं ते पुसट होतं, कडेचं मात्र दिसतं. मुलीने गाडीची किल्ली केव्हाच काढून घेतली. डोळ्यांचं कळलं असतं तर मी त्यांना ट्रिपला घेतलं नसतं, म्हणून फॉर्मवर लिहिलं नाही. एका वर्षाने बहुधा कडेचंही धड राहणार नाही.

"पण मग रांगेत सांगायचंत ना, दिसत नाही म्हणून," मी म्हटलं.

"माझ्या मागे माणसं उभी. दिसत नाही म्हटलं की तुम्ही परत लावणार, विल्सन धावत येणार, तोवर पक्षी उडणार, आणि सगळ्यांचा खोळंबा माझ्यापायी. पहिल्या दिवशी एकदा दिसला म्हटलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं."

हे मात्र मला ताबडतोब पटलं. आपण माणसंच तशी. कुणाकडे जेवायला गेलो आणि आमटी खारट झाली असली तरी वाटी पुढे करून "छान झालीये" म्हणणार. त्या टेलिस्कोपसमोर पाहुण्याच्या भिडेने उभा राहिलेला माणूस मी पाच दिवस पाहत होते, आणि त्याला आदर्श गिऱ्हाईक म्हणत होते.

मी म्हटलं, "डॉक्टर, मला माहीत होतं. टूकनच्या दिवसापासून."

एकदम त्यांचा आवाज चढला. नऊ वर्षांत माझ्यावर कुणी ओरडलं तर ते बसच्या सीटवरून किंवा ओल्या खोलीवरून. हे निराळं होतं. "माहीत होतं आणि खुणा केल्यात? वसुधाबाई, पेशंट म्हणाला मला बरं वाटतंय, तरी मी मॉनिटर बघायचो. तुम्ही माझा मॉनिटर होतात." मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसलं नाही हे बरं झालं असं मनात आलं, आणि त्याचीही लाज वाटली.

मग वही माझ्यापुढे सरकवून तेच म्हणाले, "चला. वाचा. चाळीस वर्षं लोकांना शंभरापासून उलटे आकडे मोजायला लावले. आज माझी पाळी."

मी पहिल्या दिवसापासून एकेक नाव वाचत गेले. ते डोळे मिटून आठवायचे आणि म्हणायचे, "राहू दे," नाहीतर, "खोडा." पहाटे झाडांवर नाचायला जमणाऱ्या एका जातीचे लालभडक नर राहिले, एवढा लाल रंग कडेच्या डोळ्यालाही चुकला नव्हता. व्हरांड्यात नाकापुढून भिरभिरणारे हमिंगबर्ड बरेचसे राहिले. एका घारीवर ते खूप वेळ थांबले आणि मग म्हणाले, "सावली दिसली होती. सावली धरायची नाही." टूकन गेला. पिवळ्या पोटाचा टॅनेजर गेला. मी पट्टी धरून खोडत होते आणि हात दुखत होता. शेवटी त्रेसष्ट नावं गेली. हजारातून राहिले नऊशे सदतीस.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"हलकं," ते म्हणाले. "आणि वाईट. दोन्ही."

मी विल्सनला गाठलं. माझं स्पॅनिश भाजीबाजारापुरतं, पण एवढं सांगता आलं. तो म्हणाला, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. डॉक्टर कॉफीचा मग उचलताना भिंतीकडे बघतात. माझी आईही तसंच करते. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तो अगदी साधेपणाने म्हणाला, "सेन्योरा, तुम्ही लीडर. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

त्या संध्याकाळी हजेरीला बसण्याआधी डॉक्टरांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, डोळ्यांचं आणि त्रेसष्ट नावांचं. मग मी माझं सांगितलं. माहीत असून खुणा केल्या, चूक माझी. ढग जेवणघरात आलेला होता, त्यामुळे कुणाचा चेहरा नीट दिसेना. मी यादी उघडली आणि नेहमीप्रमाणे वाचायला लागले. चौथ्या नावाला रोहन म्हणाला, "ताई, तो माझा नका धरू. ॲक्च्युअली मी फोटो बघितला नंतर, स्क्रीनवर. बर्ड असा नाही बघितला."

"माझं तर विचारूच नका," लिमयेकाकू म्हणाल्या. "मी शेपूट बघते आणि दिसला म्हणते. मागे सगळे म्हणत असतात ना."

"काकू, सिरियसली?"

"अरे, एकदा तर पान होतं."

मग जो तो सुरू झाला. हसू आवरेना. ज्याला त्याला काहीतरी खोडायचं होतं. रोहनने आपली स्प्रेडशीट उघडून आकडे उलटे फिरवले आणि त्यात त्याला गंमत वाटू लागली. माझ्या नऊ वर्षांतली ती सर्वात छोटी यादी. मी ती अजून जपून ठेवली आहे.

पण डॉक्टर हसले तरी उठताना मला म्हणाले, "एक तरी नवा पक्षी खरा बघून जायचंय, वसुधाबाई. आकडा राहू द्या. एक."

एकच सकाळ उरली होती.

विल्सनकडे एक पक्षी होता, म्हणजे त्याच्या जंगलात होता. अँटपिटा. कबुतराएवढा, गोल, तपकिरी, लांब पायांचा आणि जवळजवळ बिनशेपटीचा, जमिनीवर काळोखात उड्या मारत हिंडणारा. लोक जन्मभर ह्याचा नुसता आवाज ऐकतात. विल्सनने तीन वर्षं रोज पहाटे गांडुळं घेऊन जाऊन त्यातल्या एका मादीचा विश्वास मिळवला होता. तिला तो रोसा म्हणायचा. गांडुळं धुऊन, सुरीने तुकडे करून, ओंडक्यावर ठेवून तो हाक मारायचा. ती आली तर आली. त्या आठवड्यात आम्ही दोनदा गेलो होतो आणि दोनदा रिकाम्या हाती परतलो होतो.

निघण्याच्या दिवशी पहाटे सगळे उठले. कुणाला उठवावं लागलं नाही. मी टेलिस्कोप लॉजवरच ठेवला. उतार निसरडा, डॉक्टरांच्या एका बाजूला रोहन, दुसऱ्या बाजूला मी. रोहनने कॅमेरा आणला नव्हता, ते मला अर्ध्या वाटेत लक्षात आलं. विल्सन पुढे, खांद्यावर प्लास्टिकचा एक क्रेट.

ओंडक्यापासून दोन हातांवर त्याने क्रेट उलटा मांडला आणि डॉक्टरांना त्यावर बसवलं. बाकीच्यांना दहा पावलं मागे उभं केलं. खिशातून कॉफीचा पांढरा मग काढून ओंडक्याच्या उजव्या टोकाला ठेवला आणि तुकडे ठेवले डाव्या टोकाला. मला म्हणाला, दोक्तोरना सांगा, मगाकडे बघायचं. काही झालं तरी मगाकडेच. रोसाकडे बघायचं नाही. मी वाकून त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी मान हलवली. बाजूला बघत कडेच्या नजरेने टिपायचं हे तंत्र त्यांना डॉक्टर म्हणून ठाऊक होतं, पण दोन सेकंदांच्या रांगेत वेडीवाकडी मान करून उभं राहायला ते लाजले होते.

"वेन, रोसा, वेन," विल्सनने हाक मारली. ये, रोसा, ये.

काही नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ढग खाली उतरला, वर गेला. पानांवरून पाणी ठिबकत होतं. आमची बस नऊला निघणार होती आणि विमान कुणासाठी थांबणार नव्हतं. विल्सन पुन्हा हाक मारायचा, पुन्हा गप्प बसायचा. माझी नजर पायवाटेच्या तोंडावर खिळली होती, ती नेहमी तिथूनच यायची.

"आली," डॉक्टर पुटपुटले.

मला काहीच दिसत नव्हतं. ते मगाकडेच बघत होते. मी डावीकडे पाहिलं तर नेच्याच्या बुडाशी काहीतरी हललं आणि रोसा बाहेर आली. दोन उड्या, थांबली. आणखी दोन उड्या आणि ओंडक्यावर. मागे कुणी दुर्बीणसुद्धा उचलली नाही, हलायची भीती वाटत होती. डॉक्टर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. तिने पहिला तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला. रांग नव्हती, दोन सेकंद नव्हते. आम्ही सगळे त्यांच्या मागे उभे होतो आणि कुणालाही पुढे जायचं नव्हतं.

बऱ्याच वेळाने डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले, "गिळायच्या आधी ती दोनदा वाकते."

मी त्या पक्ष्याला कित्येक वर्षं पाहत होते. तिच्यावर छोटंसं भाषण द्यायचे. ती वाकते हे मला माहीत नव्हतं. मी विल्सनकडे पाहिलं आणि दोनदा मान वाकवून खुणेनेच विचारलं, खरंच? त्याने भुवया उंचावल्या आणि आणखी एक तुकडा ओंडक्यावर टाकला.

रोसा पुढे आली. तुकडा उचलला. एकदा वाकली. पुन्हा वाकली. मग गिळला.

"लिहा, वसुधाबाई," डॉक्टर मगावरची नजर न हलवता म्हणाले. "नऊशे अडतीस."